निमासान

पुष्पलतानं चहाचा कप दोन्ही हातांनी पुढे केला आणि घ्यायला निघालेला हेमंतचा हात मध्येच थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. शाळेतून आल्यावर चहा कसा येतो हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. खिडकीच्या कट्ट्यावर कप टेकल्याचा आवाज, पाठोपाठ 'चहा ठेवलाय', आणि आत परतणारी पावलं. आज आवाज झाला नाही. आज ती समोर उभी होती. एक हात कपाला, एक हात कपाखाली, मान किंचित खाली, एखाद्या मोठ्या पाहुण्याला द्यावा तशी. त्यानं कप घेतला तेव्हा तिची बोटं लागली. बोटांच्या टोकांना बारीक चिरा होत्या आणि ओल्या बांबूचा हिरवट वास होता. हे काय नवीन, असं त्यानं विचारलं. तिला आधी कळलंच नाही. मग तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जरा हसली आणि म्हणाली, "निमासान असंच देतात. लागली सवय." चहा नेहमीचाच होता, गवतीचहा घातलेला, थोडा जास्त गोड. तरी तो घोटाघोटाला थांबत होता, जणू चवीतही काही बदललं असेल तर ते आपल्या लक्षात यायला हवं.

निमासान हे नाव घरात शिरलं ते संक्रांतीनंतर; सान म्हणजे जपानी लोकांचं 'राव'. ते राहत त्या जव्हारमधल्या एका संस्थेनं बायकांसाठी बांबूकामाचा वर्ग काढला होता. संस्थेचं सगळं पाहणारा सुदर्शन हा हेमंतच्याच गावचा, मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याचा. त्यानं सगळ्या ग्रुपवर टाकलं की शिकवायला थेट जपानहून प्रशिक्षक येत आहेत, आणि माणूस यायच्या आधीच त्याची कीर्ती गावभर झाली. माणूस आला तो बुटका, गोरा, बारीक डोळ्यांचा, केस अगदी बारीक कापलेला, पंचेचाळिशीचा. पहिल्या दिवशी संस्थेच्या हॉलचं कुलूप उघडायच्या आधीच येऊन पायरीवर बसला होता. संध्याकाळपर्यंत ते बसणं बाजारपेठेत पोचलं. वेळ म्हणजे वेळ, शेवटी जपान आहे! विठ्ठलशेटनी आपल्या दुकानावरची खोली त्याला राहायला दिली. त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, नवी चादर काढली, रोज ताट झाकून वर पाठवू लागल्या, आणि ताट स्वच्छ धुऊन परत येतं हे भाजी घेताना चार जणींना सांगू लागल्या. तो मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्याचंही कौतुक झालं. आपल्या पोरांना इंग्रजी येत नाही आणि हा बघा, एवढ्या लांबून येऊन हिंदी शिकला. तो कमी बोलायचा, ती त्यांची शिस्त. खोलीबाहेर चपला सरळ रेषेत काढायचा, ते त्यांचे संस्कार. एकदा त्याला ताप आला आणि वर्ग झाला नाही, तर ते लोक किती मेहनत करतात बघा, असं त्याच्या तापाबद्दलही लोक बोलले.

हेमंत हे सगळं ऐकत होता आणि मनात हिशेब मांडत होता. शाळेचं कुलूप तो स्वतः उघडायचा, घंटेच्या बरंच आधी, पावसाळ्यात ओढा चढला तरी. नोकरीला लागल्यापासून. पायरीवर बसून वाट पाहिल्याबद्दल त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. उलट एकदा पालघरला प्रशिक्षणात त्यानं कविता शिकवून दाखवली तेव्हा मंचावरचे साहेब मनापासून खूश होऊन म्हणाले होते, "वा गुरुजी. मोखाड्याचे असूनही किती शुद्ध बोलता." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही हसून हात जोडले. तो 'असूनही' मात्र बसमध्ये त्याच्याबरोबर बसला, घरी आला, आणि कुठल्याही वेळी निघायचा, दाढी करताना, पोरांचं पाढे म्हणणं ऐकताना. त्याच्याही आधी, नाशिकला डी.एड.ला असताना, पहिल्या दिवशी ओळख करून देताना तो उभा राहून 'पोशेरा, तालुका मोखाडा' असं म्हणाला होता आणि वर्गात एक प्रकारची शांतता पसरली होती. पेपरात कुपोषणाचे फोटो येतात तो तालुका. शेजारच्या बाकावरच्या मुलानं त्याच्या मनगटाकडे पाहिलं. वसतिगृहाच्या मावशी तेव्हापासून त्याला जास्तीची पोळी वाढायच्या, न मागता, डोळ्यांत पाणी आणून. आपल्या घरी भात होता, नागली होती, आई धोंडीबाई परसातल्या वालाच्या शेंगांची भाजी करायची, हे त्यांना सांगायला त्याचं तोंड कधी उघडलं नाही. तो ती पोळी खायचा. वर्ष संपेपर्यंत तो कुणी विचारलं की 'जव्हार' सांगायला शिकला. जव्हारला राजवाडा होता, थंड हवा होती, सहली यायच्या. जव्हार म्हटलं की समोरच्याची नजर मनगटाकडे जात नव्हती.

आणि हा एक माणूस. त्यानं तोंडही उघडलं नव्हतं आणि त्याच्या देशानं त्याच्या आधी येऊन सगळी जागा झाडून, चादर घालून ठेवली होती. त्याला फक्त येऊन बसायचं होतं. हेमंतला त्या पायरीवर बसलेल्या माणसाचा राग नव्हता, असं तो स्वतःला सांगे. राग त्या चादरीचा होता. पण ती चादर आता घरातही येऊ लागली. पुष्पलता दाभोशाची. तिचा बाप सुपं-टोपल्या विणायचा आणि लहानपणी तिनंही विणल्या होत्या, पण लग्न होऊन गुरुजींच्या घरी आल्यावर त्या गोष्टीचा उल्लेख कुणी केला नाही. तिनंही नाही, त्यानंही नाही. वर्गाला ती शेजारच्या कमूच्या आग्रहानं गेली. दुसऱ्या आठवड्यात घरी आली ती दारातूनच सांगत. टोपलीचा काठ बांधायची तिच्या बापाची एक गाठ होती, ती निमासाननी पाहिली, दोनदा उसवून पाहिली, आणि म्हणाले, ही आमच्याकडे नाही, मला शिकवा. तिनं शिकवली. सांगताना तिचे हात हवेत ती गाठ बांधत होते. हेमंतनं वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. आमच्याकडे नाही, म्हणजे जपानमध्ये नाही. दाभोशाची गाठ जपानमध्ये नाही म्हणून ती मोठी झाली. इतकी वर्षं ती गाठ या घरात, या हातांत होती, आणि आपण ती पाहायला मागितली नाही, हा विचार त्याला आला आणि त्यानं तो पुढच्या बातमीबरोबर उलटून टाकला.

मग तो एका दुपारी वर्ग पाहायला गेला. आत गेला नाही, मागच्या खिडकीपाशी थांबला. कामट्यांचा ढीग, कोयत्यांचा ठक ठक आवाज, बायकांची हलकी बोलणी. पुष्पलता एका कोपऱ्यात बसली होती आणि तिच्यासमोर तो. दोघांत हातभर अंतर होतं. तो बोलत नव्हता, तीही बोलत नव्हती. ती कामटी सोलत होती आणि तो त्या कामटीकडे पाहत होता, आणि मध्येच तिनं हात थांबवला की तो मान हलवायचा, आणि ती पुढे सोलायची. एवढंच. काही पकडण्यासारखं असतं तर हेमंतला बरं वाटलं असतं. हाताला हात लागला असता, हसणं झालं असतं, तर घरी जाऊन भांडता आलं असतं. पण दोन माणसं एका बांबूच्या पातळ पट्टीकडे इतक्या शांतपणे पाहत असली तर नवऱ्यानं काय बोलायचं? आपण दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे असं शेवटचं कधी पाहिलं, हे तो खिडकीशी उभा राहून आठवू लागला. घराचं भाडं, आईचा मोतीबिंदू, बदलीचा आदेश.  परतताना सनसेट पॉइंटकडे निघालेल्या एका गाडीनं त्याला राजवाड्याचा रस्ता विचारला आणि त्यानं उलट दिशेला हात दाखवला.

त्या आठवड्यात त्याला ते कळलं. एस.टी. स्टँडबाहेर एक नेपाळी जोडपं चायनीजची गाडी लावायचं. संध्याकाळच्या वेळी हेमंत बाजार करून तिथून चालला होता, तर गाडीच्या मागच्या बाजूला, उलट्या ठेवलेल्या बादलीवर निमासान बसलेला. हातात ताटली, बोटांनी भात कालवून खात होता आणि हसत होता. इतक्या मोठ्यानं हसत होता की आधी हेमंतला वाटलं दुसरंच कुणी आहे. भराभरा बोलत होता, गाडीवालीला काही सांगत होता, ती झारा आपटून त्याला उत्तर देत होती. हेमंत अंधाराच्या बाजूला सरला. निमासान गेल्यावर तो गाडीपाशी गेला, नको असलेली नूडल्सची प्लेट मागितली आणि विचारलं की जपानी साहेब रोज येतात का. गाडीवाला तव्यावरून मान वर न करता म्हणाला, "जपानी कौन? वो तो निमा दाइ है. हमारे ओखलढुंगा का. शेर्पा है." आणि मग अभिमानानं सांगितलं की दाइ, म्हणजे थोरला भाऊ, बरीच वर्षं जपानमध्ये होता, तिथेच एका म्हाताऱ्याच्या हाताखाली हे काम शिकला.

हेमंतनं ती नूडल्स उभ्यानं संपवली. आयुष्यात इतकी गोड वस्तू त्यानं खाल्ली नव्हती.  घरी जाताना तो चढावर जवळजवळ धावला. नेपाळी. गुरखा. रात्री शिटी वाजवत फिरतात ते, हॉटेलात भांडी घासतात ते. त्याला एकदम तो माणूस आणखी बुटका दिसू लागला, त्याचं मौन म्हणजे नुसती भीती, त्याचं हिंदी म्हणजे सगळ्या वॉचमनांचं हिंदी. घरी पुष्पलता भाकरी थापत होती. तिला सांगावं असं ओठापर्यंत आलं, पण त्यानं ते धरून ठेवलं. तिला आपल्याकडून नाही, गावाकडून कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यानं सुदर्शनला सांगितलं. आवाजात काही नव्हतं. तुमचे निमासान नेपाळचे आहेत म्हणे, चांगलं आहे, जवळचेच निघाले, एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं. सुदर्शनचा चेहरा उतरला. त्यानं ठाण्याच्या कुणाच्या ओळखीवर माणूस बोलावला होता, जपानचं प्रमाणपत्र पाहिलं होतं, बाकी काही पाहायची गरज वाटली नव्हती. आणि देणगीदारांना जपानच सांगून ठेवलं होतं. माणसानं स्वतः कधी जपानी असल्याचं म्हटलं होतं का, असं हेमंतनं विचारलं असतं तर सुदर्शनला आठवावं लागलं असतं. हेमंतनं विचारलं नाही.

त्यानंतर काय झालं ते कुणी केलं असं म्हणता येणार नाही. निमासानचा निमा झाला आणि निमाचा नेपाळी झाला. शांताबाईंचं ताट वर जायचं बंद झालं आणि जिन्याच्या दाराला आतून कडी लागू लागली. होळी जवळ आली होती, बाजारात चोऱ्या होतात. विठ्ठलशेटनी त्याला अगदी आपुलकीनं विचारलं की रात्री पेठेत फेरी मारशील का, तुम्हा लोकांना सवय असते. वर्गातल्या काही जणी येईनाशा झाल्या. त्यांच्या घरच्यांचं म्हणणं पडलं की जपानी होता तेव्हा गोष्ट वेगळी होती. प्रमाणपत्रं वाटायला जिल्ह्याहून साहेब आले त्या दिवशी फलकावरच्या 'जपानी तज्ज्ञ' या शब्दांवर पांढरा कागद चिकटवला होता आणि त्याची खुर्ची पहिल्या रांगेतून मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी गेली होती. हेमंत कार्यक्रमाला होता. शांताबाई त्याच्या पुढेच बसल्या होत्या. शेजारणीच्या कानाशी लागून त्या म्हणाल्या, "काही म्हणा, नेपाळी असूनही स्वच्छ होता हो." हेमंतनं तो शब्द ऐकला. त्याच्या मानेवर कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं झालं. त्यानं वळून पाहिलं. मागे निमा दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता, पहिल्या रांगेत बसायचा तसाच. फक्त आता त्याला कुणी शिस्त म्हणत नव्हतं.

घरी आल्यावर पुष्पलतानं पदर खोचला आणि भांडी घासायला घेतली.  शेवटी हेमंतच म्हणाला की तुला वाईट वाटलं असेल, माणसानं फसवलं.

"कुणी फसवलं?" ती पाठमोरीच म्हणाली. "मला पहिल्याच आठवड्यात ठाऊक होतं. मी विचारलं, घर कुठं तुमचं, तर सांगितलं नेपाळ. बाकी कुणी विचारलंच नाय. मग काय गळ्यात बांधून फिरायचं?"

मग तू मला का सांगितलं नाहीस, हे त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही त्यांचं काय विचारलंत कधी? मी किती वाजता गेले, कुठं बसले, एवढंच विचारत होता तुम्ही." तिनं नळ बंद केला. हात पुसत वळली. आवाज चढला नव्हता, आणि तेच त्याला सहन होईना. "सुदर्शनभाऊंना तुम्ही सांगितलंत ना? त्यांनीच सांगितलं मला. खरं तेच सांगितलंत म्हणा. पण तुम्ही तरी कुठं सांगता हो मोखाडा?"

ती अंगणात जाऊन बसली. हेमंत आतच राहिला. तिचा शेवटचा प्रश्न त्याला लागला होता, पण त्याहून खोल दुसरंच काही गेलं होतं. तो त्या माणसाखालून एक मोठा देश ओढून काढायला निघाला होता. त्याला वाटलं होतं, देश काढून घेतला की खाली उरेल तो कुणीच नसेल, आणि पुष्पलता ते पाहील. पण ती तर पहिल्या आठवड्यापासून त्या उरलेल्या माणसाकडेच पाहत होती. तिच्यासाठी चादर कधी नव्हतीच. म्हणजे त्या खिडकीतून त्यानं जे पाहिलं होतं त्यात जपान नव्हता, नेपाळ नव्हता, कामटी होती आणि दोन माणसं होती. आता हेवा करायचा तर कशाचा करायचा? आतापर्यंत त्याला निदान एक सबब होती. तो हेवा गेला नाही; नुसता उघडा पडला.

होळीच्या आधीच वर्ग आवरायचं ठरलं. निमा निघाला त्या सकाळी पुष्पलता स्टँडवर गेली नाही. तिनं अंगणात बांबू फोडायला घेतला होता. हेमंत गेला. का गेला हे त्याला सांगता आलं नसतं. माणूस खरंच जातो आहे हे डोळ्यांनी पाहायचं होतं असंही असेल. नाशिकची गाडी लागायची होती. मोहाच्या फुलांचा वास वाऱ्यावर येत होता. निमा कठड्यावर बसला होता, पायाशी पिशवी. हेमंतला पाहून तो उठला, हात जोडले, आणि सरकून जागा केली. दोघं शेजारी बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून हेमंतनं विचारलं की आता परत जपानला का. निमानं नाही अशी मान हलवली. नाशिकला बहिणीचा नवरा आहे, बघू. मग रस्त्याकडे पाहत तो आपल्या तुटक हिंदीत बोलू लागला. जपानमध्ये त्याला पाहिलं की लोक विचारायचे, कुठल्या हॉटेलात करी बनवतोस? तो सांगायचा, करी नाही, बांबू. ते हसायचे, चांगले लोक होते, आणि पुढच्या वेळी पुन्हा करीचंच विचारायचे. त्याचा म्हातारा गुरू मरेपर्यंत शेजाऱ्यांना सांगत राहिला की नेपाळी आहे पण हात चांगला आहे.

"उधर भी हम नेपाली था, सर," तो म्हणाला. "इधर आके दो महीना जपानी हो गया. हम बोला नहीं कि जपानी है. नहीं है, ये भी नहीं बोला." तो जरा हसला, बादलीवर बसून हसला होता तसा नाही. "अच्छा लगता था, सर. कुर्सी मिलता था."

हेमंतला वाटलं, आता म्हणावं. मीच सांगितलं म्हणावं. नाशिकच्या वसतिगृहातली पोळी सांगावी, मनगट सांगावं. या माणसाला ते एका वाक्यात कळलं असतं, या गावात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं इतकं. पण नेमकं म्हणूनच त्याला बोलता येईना. ज्याचा हेवा केला त्याच्याशी आपलं इतकं जमावं हे त्याला झेपत नव्हतं. गाडी आली. निमानं पिशवी उचलली, दारात वळला आणि म्हणाला, "भाभी का हाथ हमसे अच्छा है. आप देखना कभी." गाडी मोखाड्याच्या रस्त्याला लागली. त्याच्या गावाच्या दिशेनं.

आप देखना कभी. हेमंत परतला तेव्हा पुष्पलता अंगणातच होती. तो पायरीवर बसला आणि पाहू लागला. तिनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कोयता उचलला. कोयता बांबूत शिरायचा, मनगट किंचित वळायचं आणि बांबू आपल्या मनानं दुभंगल्यासारखा उघडायचा. तो पाहत होता, पण पाहताना त्याला सारखं वाटत होतं की ही नजरही आपली नाही, दुसऱ्यानं सांगितली म्हणून आलेली आहे.

होळी झाल्यावर सुदर्शन आला. संस्थेला वर्ग चालू ठेवायचा होता आणि शिकवायला पुष्पलतानं यावं असं त्याचं म्हणणं होतं. फक्त फलकावर 'जपानी पद्धतीचे बांबूकाम' असं घालू या, लोक त्याशिवाय येत नाहीत. पुष्पलता म्हणाली की वर्ग ती घेईल, अंगणात घेईल, आणि फलक तिचा ती लावेल. मग ती हेमंतकडे वळली. तालुक्यात त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. शाळांच्या भिंतींवरचे सुविचार त्याच्याच हातचे होते.

दुपारी त्यानं पत्रा पांढरा रंगवून वाळवला, ब्रश घेतला आणि बसला. ती शेजारी उकिडवी बसून सांगू लागली. वर मोठ्या अक्षरांत बांबूकामाचा वर्ग. त्याखाली, ती म्हणाली, गुरू: निमा शेर्पा, ओखलढुंगा, नेपाळ. हेमंतनं ब्रश बुडवला. 'नि' काढताना वेलांटी कमानदार यायला हवी, ती आली. 'मा'चा काना सरळ आला. त्या माणसाचं नाव त्याच्या हातून उतरत होतं, देखणं, एकेक अक्षर तोलून, आणि प्रत्येक अक्षराला त्या खिडकीतलं दृश्य पुन्हा समोर येत होतं. वाकडं काढता आलं असतं. हात ऐकत नव्हता. हाताला अक्षर चांगलंच काढायची सवय होती. नेपाळ लिहून झाल्यावर तो थांबला.

"आता माझं," ती म्हणाली. "शिकवणार, पुष्पलता." तिनं क्षणभर विचार केला. त्याला वाटलं दाभोसा सांगेल, किंवा जव्हार. "पुष्पलता हेमंत. पोशेरा, तालुका मोखाडा."

तिला तिथं घर करून राहावं लागलंच नव्हतं. लग्नानंतर तो तिला थेट जव्हारलाच घेऊन आला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती पत्र्याकडे पाहत होती. त्यानं लिहिलं. पुष्पलता आलं, हेमंत आलं, पोशेरा आलं. पुढे जागा कमी नव्हती, तरी मोखाडा बारीक आलं, कडेला सरकलेलं, जणू पत्र्यावरून उतरायला निघालेलं.

"एवढं बारीक नको," ती म्हणाली. "रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे."

त्यानं रॉकेलचा बोळा घेतला आणि ते पुसलं. पांढऱ्यावर काळसर डाग राहिला. तो वाळायची वाट न पाहता त्यानं त्यावरच पुन्हा मो काढला, निमाच्या नावाइतकाच मोठा, आणि ती त्याच्या खांद्याशी वाकून त्या अक्षराकडे पाहू लागली. तोही पाहत होता. मग त्यानं ब्रश पुन्हा बुडवला आणि ख काढायला घेतला.